सरळ गेलं तर चार तास

आमच्या किरितिमाती बेटावरून राजधानीच्या तारावा बेटाला सरळ जायचं म्हटलं, तर बत्तीसशे ऐंशी किलोमीटर. विमानाला चार तास, वर पंधरा मिनिटं धरा. पण हे सगळं म्हणण्यापुरतं, कारण सरळ विमान जातच नव्हतं. देश एक, सरकार एक, आणि ओसरीतून माजघरात जायला शेजाऱ्याच्या अंगणातून फिरून जावं लागावं, अशी आमची गत. आधी पाच तास उडून फिजीतल्या नादीला जायचं, तिथे दोन-तीन दिवस माश्या मारत बसायचं, मग पुन्हा तीन तास उडून तारावा. बरं, नादीचं विमानही आठवड्यातून एकदाच.

हे आकडे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही पाठ होते, आणि ते नाकिबाएमुळे. नाकिबाए सव्वीस वर्षं विमानतळावर कामाला. विमान यायच्या आधी खडखडणारा ट्रक धावपट्टीभर फिरवायचा, खेकडे आणि पक्षी हाकलायचे, मग हातवारे करून विमानाला उभं राहायची जागा दाखवायची, आणि मग लोकांचं सामान तोलायचं. माणूस सरळ. कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण आकडे सांगायची खोड भारी वाईट.

"नाकिबाए, तारावाला माझ्या भावाला मुलगा झाला!" असं कोणी आनंदानं सांगायला जावं, तर हा म्हणायचा, "बत्तीसशे ऐंशी."

"अरे बाबा, मुलगा झाला म्हणतोय मी!"

"ऐकलं. सरळ गेलं तर चार तास."

लोक हसायचे. आम्हीही हसायचो, खोटं कशाला बोला. आणि गंमत अशी, की जगातल्या साऱ्या विमानांच्या वेळा सांगणाऱ्या या माणसानं स्वतः एकदाही विमानात पाय ठेवला नव्हता. तो या बेटावर आला होता बोटीनं, दहा दिवस ओकत.

त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. तेव्हा सरकार इथे जमिनी वाटत होतं. तारावात माणसाला अंग टाकायला जागा नाही, आणि इथे मैलच्या मैल नारळ उभे, सुकं खोबरं काढायला माणूस नाही. नाकिबाएनं नाव नोंदवलं. बरोबर बायको आकेनेते आणि दोन वर्षांची मुलगी रोतिया. बोट सुटायच्या दिवशी धक्क्यावर त्याची थोरली बहीण तेबोरा आली. विधवा बाई, पोटी मूल नाही. सगळा गोतावळा उभा होता, त्यांच्यादेखत ती म्हणाली, "नाकिबाए, माझी बुबुती आहे. पोरगी मला दे. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला आणखी होतील."

आमच्यात बुबुती म्हणजे मागणं. नातलगानं तोंड उघडून मागितलं, की नाही म्हणायचं नसतं. डुक्कर मागा, होडी मागा, अंगावरचा सदरा मागा. देणारा मनात चडफडेल, पण देईल. आणि मूलही मागता येतं. आजी मागते, आत्या मागते, आणि मूल त्या घरचं होऊन वाढतं. नाही म्हणणाऱ्याला चार माणसांत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"ने, ताई," नाकिबाए म्हणाला.

आकेनेतेनं पोरीच्या झबल्याची गाठ सोडली, परत नीट बांधली, आणि पोर नणंदेच्या कडेवर दिली. बोटीवर दहा दिवस तिनं नवऱ्याशी एक शब्द काढला नाही. पुढे बोलली, संसार केला, पण आणखी मूल काही झालं नाही. अशा रीतीनं नाकिबाए आपल्याच लेकीचा मामा झाला.

सुरुवातीच्या वर्षांत तर आमच्याकडे रविवार असला की तारावात सोमवार असायचा. नकाशावर जिथे वार बदलतो, ती रेघ आमच्या देशाच्या मधून गेलेली. पुढे सरकारनं ती रेघ पलीकडे सरकवली आणि आमच्या बेटाचा एक अख्खा दिवस गडप झाला. त्या संध्याकाळी आकेनेतेनं विचारलं, "म्हणजे आता आपला आणि रोतियाचा वार एकच?"

"एकच. फक्त आपण दोन तास पुढे."

तिनं त्या दिवशी नारळाच्या दुधातला भात केला होता. नाकिबाएला ते पुष्कळ वर्षं लक्षात राहिलं. आठ वर्षांपूर्वी आकेनेते गेली, आणि घरात त्याच्याशी बोलायला रेडिओ तेवढा उरला.

माणूस एकटा पडला की दोन गोष्टी होतात. एक तर तो गप्प होतो, नाही तर त्याच्या डोक्यात एखादं खूळ शिरतं. नाकिबाएचं दोन्ही झालं. यंदा तारावाहून रोतियाचा फोन आला. तेबोरा दोन वर्षांपूर्वी वारली होती. रोतियाचा नवरा ऑकलंडला कामाला लागला होता, आणि आता ती दोन्ही मुलांना घेऊन कायमची तिकडे जाणार होती. मुलगा नऊ वर्षांचा. मुलगी पाच वर्षांची, आणि तिचं नाव आकेनेते.

"मामा, आजपासून तीन महिन्यांनी, गुरुवारी सकाळी दहाला आम्ही नादीला उतरतो," ती म्हणाली होती. "तिथून ऑकलंडचं विमान दुपारी तीनला."

म्हणजे पाच तास. नाकिबाएनं ताबडतोब हिशेब केला: आपलं विमान बुधवारी संध्याकाळी नादीला पोहोचतं. त्यानं खोपटातली सगळी पुंजी बाहेर काढली आणि तिकिटं काढली. नादीला जायचं एक. यायची दोन.

दोन तिकिटं म्हटल्यावर बेतेरोला कसा दम निघणार! बेतेरो त्याच्याबरोबर विमानतळावर कामाला, तोंडाचा फटकळ.

"काय रे म्हाताऱ्या, येताना जोडीनं? फिजीतली बाई पटवलीस की काय?"

"नात आणतोय."

बेतेरोचं हसू जागच्या जागी थांबलं. "मागितलीस?"

"मागायचीय. बुबुती समोरासमोर मागतात. फोनवर मागायला ती काय साखरेची वाटी आहे?"

"आणि देईल ती?"

"द्यावीच लागते," नाकिबाए म्हणाला. "मी नव्हती दिली?"

बेतेरोनं मान डोलावली. आमच्यापैकी कोणीच हरकत घेतली नसती. त्याचा हक्कच होता. एकटा म्हातारा, पोटची एकुलती एक पोर दिलेली, त्यानं नात मागितली तर त्यात वावगं काय? उलट न मागणंच नवल. तो शाळेत जाऊन आला, मुख्याध्यापिकेनं पोरीचं नाव पटावर घातलंही. त्यानं लहान चटई विणून घेतली, झाडाला झोपाळा टांगला, विहिरीला कठडा बांधला. त्या तीन महिन्यांत तो रस्त्यानं गुणगुणत जाताना दिसायचा. इतक्या वर्षांत आम्ही त्याचा आवाज असा ऐकला नव्हता.

बुधवारी धावपट्टीवरचे खेकडे बेतेरोनं हाकलले. नाकिबाए इस्त्रीचा सदरा घालून खिडकीशी बसला. विमान उठलं, आणि बघतो तर काय, दोन मिनिटांत बेट संपलं! ज्या बेटावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला ट्रकचा जीव जातो, ते बोटानं पुसावं तसं नाहीसं झालं. मग पाच तास खाली पाणी. नुसतं पाणी. एक होडी नाही, एक खडक नाही. नाकिबाएनं हा आकडा हजार वेळा तोंडानं सांगितला होता, पण पस्तीसशे चाळीस किलोमीटर म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. पाच वर्षांची पोर हे बघून घाबरेल, तेव्हा तिला खिडकीशी बसवायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

नादीला आमच्याकडचे एक पाद्री राहतात, त्यांच्या ओसरीवर तो झोपला आणि सकाळी सात वाजताच विमानतळावर जाऊन बसला. तारावाचं विमान वेळेवर आलं. दारातून माणसं बाहेर यायला लागली तसा तो उभा राहिला. फोटोत पाहिलेली रोतिया आणि ही रोतिया यांत फरक एवढाच, की हिची चाल आकेनेतेची होती. अगदी तीच, डावा खांदा जरा पुढे.

"मामा," ती म्हणाली, "किती वाळलात हो तुम्ही."

"तू मोठी झालीस," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? दोन वर्षांची सोडली होती, एकतीस वर्षांची समोर उभी.

विमानतळाच्या कडेला एक बाक होता, तिथे ते बसले. रोतियानं फणसासारखं ते आमचं ब्रेडफ्रूट भाजून आणलं होतं, त्यानं खारवलेला मासा नेला होता. न्यूझीलंडात खायचं काही आत नेऊ देत नाहीत, म्हणून सगळं तिथेच संपवायचं होतं. चौघांनी बोटं चाटत खाल्लं. मुलगा विमानं बघायला काचेशी जाऊन उभा राहिला. लहानी आकेनेते मात्र आईच्या मांडीवर. रोतियानं तिच्या झग्याचा पाठीमागचा पट्टा मुठीत धरला होता. जेवतानाही सोडला नाही, पाणी पितानाही नाही.

"तुझ्याकडे खेकडे आहेत?" पोरीनं नाकिबाएला विचारलं.

"लाखभर."

"खोटं!"

"मीच हाकलतो ना रोज. एकेकाला नाव आहे."

"सांग नावं."

त्यानं मग नावं सांगितली. सगळी गावातल्या माणसांची, बेतेरो तर सगळ्यात आळशी खेकडा. पोर खिदळली, आईच्या मांडीवरून घसरून त्याच्या मांडीवर आली, आणि बघता बघता तिथेच झोपली. रोतियाचा हात लांबला, पण मुठीतला पट्टा सुटला नाही. बाकावर दोघं अशी बसली होती, मध्ये झोपलेली पोर. नाकिबाएच्या मांडीला तिचं ऊन ऊन वजन लागत होतं. आठ वर्षांत त्याच्या अंगाला कोणी असं टेकलं नव्हतं. त्याला वाटलं, आत्ताच मागावं. पण त्यानं नुसतीच तिच्या कपाळावरची माशी हाकलली.

बोलली ती रोतियाच. "मामा, यायची दोन तिकिटं काढलीत म्हणे."

नाकिबाए चपापला. "तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या शाळेतल्या बाईंची बहीण आमच्या गल्लीत राहते. आपल्याकडे वारा नंतर पोहोचतो, बातमी आधी."

"मग आलीस कशाला? आतल्या आत बसून दुसरं विमान धरायचं. मी बाहेर कितीही उभा राहिलो असतो, तरी काय करू शकणार होतो?"

"आईनं मरताना एक गोष्ट सांगितली," रोतिया म्हणाली. आई म्हणजे तेबोरा. "म्हणाली, धक्क्यावर मी मागितलं, आणि ती बाई तोंडातून ब्रही न काढता तुला माझ्याकडे देऊन गेली. मला मिळालं, पण सुख नाही मिळालं. तिकडची बोट आली की मी तुला घरात कोंडून दार लावून बसायचे. वाटायचं, आज ती उतरणार आणि तुला परत मागणार. सात वर्षं मी असं दार लावलं. ती आली नाही. का आली नाही, ते तू एकदा जाऊन विचार." रोतियानं त्याच्याकडे पाहिलं. "आता ती नाही. म्हणून तुम्हाला विचारते. माझ्या सख्ख्या आईनं मला परत का नाही मागितलं?"

नाकिबाएनं झोपलेल्या पोरीच्या झग्याची चुणी सरळ केली. बायकोनं मागितलं होतं. बहिणीकडे नव्हे, त्याच्याकडे. पहिल्या वर्षी म्हणाली होती, "अहो, जाऊन परत मागू या का रोतियाला? ताई काही नाही म्हणणार नाहीत." तो म्हणाला होता, बत्तीसशे ऐंशी किलोमीटर आहे, बोटीनं दहा दिवस. विमानतळावर नोकरी लागल्यावर तिनं पुन्हा विचारलं, "आणि विमानानं?" तो म्हणाला, सरळ विमान नाही. तिसऱ्यांदाही विचारलं, तेव्हा त्यानं नादीमार्गे जायचे सगळे तास मोजून दाखवले होते. पुढे ती एवढंच विचारायची, तिकडे आता किती वाजले असतील.

अंतर आडवं आलं, असं तो आयुष्यभर सांगत आला होता. कसलं अंतर! तिकिटासाठी खोपटातली पुंजी तेव्हाही काढता आली असती. पण दिलेलं परत मागायचं म्हणजे चार माणसांत हसं होणार, या भीतीनं तोच आडवा आला होता.

"तिला यायचं होतं," तो शेवटी म्हणाला. "मी नेलं नाही."

रोतिया रडली नाही, चिडलीही नाही. काचेशी उभ्या मुलावर तिनं एकदा नजर टाकली. मग म्हणाली, "ऑकलंडला माझी थोरली नणंद आहे. तिलाही मूल नाही. दर फोनला विचारते, आकेनेते किती मोठी झाली, आकेनेते काय खाते. गेल्या गेल्या मागणार ती, मला माहीत आहे. म्हणून म्हटलं, द्यायचीच आहे तर तुम्हाला तरी द्यावी. तुमचं देणं आधीचं आहे."

अडीच वाजले. ऑकलंडच्या लोकांनी आत यावं, असं आतून पुकारलं. पोर जागी झाली, डोळे चोळत उभी राहिली. रोतियानं मुलाला हाक मारली, पिशव्या गोळा केल्या, आणि पोरीला नाकिबाएच्या पुढ्यात उभं केलं. "मागायचं असेल तर आत्ता मागा, मामा. त्या दारातून आत गेल्यावर माझ्यानं परत फिरवणार नाही."

तिचा आवाज चांगला खणखणीत होता, पण पट्ट्यावरची बोटं पांढरी पडली होती. नाकिबाए त्या बोटांकडे बघत राहिला. धक्क्यावर झबल्याची गाठ सोडणारी, परत बांधणारी बोटं त्यानं तेव्हा पाहिली होती आणि मान वळवली होती. या वेळी त्यानं वळवली नाही.

"माझी बुबुती आहे," तो म्हणाला. "आकेनेते मला दे."

रोतियानं डोळे मिटले. "दिली," ती म्हणाली, आणि तिनं मूठ उघडली.

"दिलीस ना? नक्की?"

"दिली म्हटलं ना मामा. किती वेळा वदवून घेता?"

"मग ऐक. आता पोर माझी. ती कुठे राहणार, ते मी ठरवणार. ती तुझ्याजवळ राहील. तुझी नणंद मागो, नाहीतर आणखी कोणी मागो, तू सांगायचं की पोर आधीच देऊन झालीय, किरितिमातीच्या नाकिबाएला. एकदा दिलेलं दुसऱ्याला मागता येत नाही. आणि तिला फारच हौस असेल, तर म्हणावं, त्या म्हाताऱ्याकडे येऊन माग."

रोतियाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिच्या हातातल्या पिशव्या गळून पडल्या. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि भर विमानतळावर ती हुंदके देऊन रडली. "मामा," एवढंच म्हणत राहिली, "मामा, मामा." त्याला वाटलं होतं, निदान आता तरी ती वेगळं काही म्हणेल. तसं काही ती म्हणाली नाही. तो शब्द त्याला टोचला, पण त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जा. दार बंद करतील."

पुढचे पाच दिवस तो पाद्रीबुवांच्या ओसरीवर बसून राहिला. परतीच्या दिवशी सामान घेणाऱ्या मुलीनं विचारलं, "तुमच्याबरोबरची दुसरी प्रवासी कुठे आहे?"

"तिच्या आईजवळ," तो म्हणाला.

किरितिमातीला विमान थांबलं, जिना लागला. खाली बेतेरो उभा होता. नाकिबाए एकटाच उतरला, तरी बेतेरो मान उंच करून त्याच्या मागे बघत राहिला. शेवटचा माणूस उतरला तेव्हा तो जवळ आला. या खेपेला त्याच्या तोंडात थट्टा नव्हती.

"नाही दिली होय रे तिनं?"

"दिली की," नाकिबाए म्हणाला. "मागितल्याबरोबर दिली."

"मग?"

"मग काय? ठेवलीय तिच्याकडे."

बेतेरोला काही कळलं नाही. आम्हालाही ते कळायला बरेच दिवस लागले, आणि कळलं तेव्हा कोणाला हसू आलं नाही. नाकिबाए ट्रकमध्ये न बसता चालतच घरी गेला. दार उघडलं, सदरा काढून खुंटीला लावला, चूल पेटवली. जाण्याआधीच तांदूळ दोघांपुरते काढून ठेवले होते. ते त्यानं हातात घेतले आणि अर्धे परत डब्यात टाकले.